खिंडीत ठेवलेलं दावं

आमच्याकडच्या खिंडी बघायला हल्ली लोक येतात. चकचकीत सायकली गाडीच्या टपावर बांधून आणतात, वर पोचल्यावर त्या उतरवतात आणि खिंडीच्या तोंडाशी उभं राहून एकमेकांचे फोटो काढतात. मला त्यांचा राग येतो. राग यायचं काही कारण नाही हे मला कळतं, तरी येतो. माझा स्वभावच तसा आहे. घरात तिखट संपलं तर ह्यालाच वाटून घाला, असं माझी आत्या म्हणायची.

खरं म्हणजे त्यांचा हा उद्योग मी त्यांच्या कितीतरी आधी केलेला आहे. आमचं गाव तुळजापूर तालुक्यात, बालाघाटाच्या पठारावर अगदी कडेला. गावामागची शेतं ओलांडली की जमीन एकदम संपते आणि खाली दरी सुरू होते. खालचा मुलूख सपाट, काळ्या रानाचा. वरून खालची गावं दिसायची, चुलींचा धूर दिसायचा, पण तिथं जायचं तर मोटारीच्या घाटानं भला मोठा वळसा. म्हणून मॅट्रिक होऊन घरी बसलेले आम्ही दोघं, मी आणि माझा एक मित्र, सायकली काढून मधल्या वाटा धुंडाळत हिंडायचो. सायकल जाईल तिथवर सायकलीवर, पुढं सायकल खांद्यावर. खाली काय आणायचं आहे, कुणाला भेटायचं आहे, असं काही नसायचं. नुसती वाट सापडली तरी आम्ही खूश असायचो. उतरताना ब्रेकचं रबर तापून जो वास येतो तो मला अजूनही आवडतो.

मित्र बौद्ध घरातला. त्याचे वडील मास्तर, त्यामुळं त्याची सायकल धड होती. माझी चुलत्यानं टाकून दिलेली, तिला घंटी सोडून सगळं वाजायचं. आत्या त्याला चहा वेगळ्या कपात द्यायची. एकदा त्यानं तो कप स्वतःच विसळला आणि आमच्या कपांत मिसळून ठेवून दिला. आत्याला तो पुन्हा ओळखू आला नाही. मग तिनं तो विषयच सोडला.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिला लोहारा गावी दिलेली. मूलबाळ व्हायच्या आधीच नवरा गेला आणि सासरच्यांनी तिला परत पाठवलं, ती कायमची. माझी आई मी तान्हा असताना गेली. मला आत्यानं वाढवलं, तेही गाईच्या दुधावर. ती गाय आत्याची स्वतःची होती, भावानं बहिणीला दिलेली. त्या गाईची कालवड म्हणजे आमची तांबडी. आत्याच्या नावावर जगात दुसरं काही नव्हतं. भावजय नाही म्हणून टोमणे नव्हते एवढंच, नाहीतर माहेरी राहणाऱ्या बाईला गाव काय म्हणतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. कुणी काही बोललं की आत्या ताठ मानेनं सांगायची, "गाय हाय तवर म्या ह्या घरात खाणारी न्हाय, खायला घालणारी हाय."

मग बहात्तरचा दुष्काळ आला.

त्याबद्दल पुष्कळ बोलून झालंय, मी एवढंच सांगतो की त्या साली आमच्या गावात दावी घरी येत होती, जनावरं येत नव्हती. हे समजायला आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. जनावर विकलं तर ते दाव्यासकट द्यायचं नाही. घेणाऱ्यानं आपलं दावं आणायचं, देणाऱ्यानं आपलं सोडून घरी न्यायचं. दाव्यात घरची लक्ष्मी असते, ती परक्याच्या हातात जाऊ द्यायची नाही. जनावर मेलं तरी तसंच, दावं तेवढं घरी परत येतं. त्यामुळं गडी खांद्यावर मोकळं दावं टाकून वेशीतून आत आला की बायका काही विचारत नसत. बघायच्या आणि आत जायच्या. माघापर्यंत घराघरांत खुंटीवर दावी लोंबायला लागली होती.

डोंगराखाली एका सहकारी साखर कारखान्यानं जनावरांची छावणी काढली होती. उसाचं वाढं मिळायचं, विहिरीला थोडं पाणी होतं. ज्यांनी वेळेवर ठरवलं त्यांनी जनावरात ताकद असतानाच ती मोटारीच्या घाटानं वळसा घालून नेली. आत्यानं ठरवलं नाही. आज पाठवते, उद्या पाठवते, असं करत राहिली. कडबा संपला तेव्हा तिनं आपल्या छपराचं पाचट उपसून गाईला घातलं. शेवटी ती नुसत्या वाशांखाली निजायची आणि गाय तिच्याकडं बघत उभी राहायची. वडील खडी फोडायच्या कामावर लांब गेले होते. मी चिडून म्हणालो, "आत्या, आता काय वासे घालणार का तिला?"

आत्या म्हणाली, "तुझ्यासारखं पाय न्हायत रं तिला आता. घाटानं नेली तर मदीच बसंल. बसलं की उठत न्हाय."

ते खरं होतं. दुष्काळात बसलेलं जनावर उठत नाही. मोटारीच्या घाटाचा वळसा तांबडीला झेपला नसता. तिला खाली न्यायचं तर जवळची वाट हवी होती, आणि तीही अशी की अशक्त गाय घसरणार नाही. अशा वाटा शोधण्यात तर आमचा हातखंडा होता. आता तो कामी आला पाहिजे होता. मी मित्राच्या घरी गेलो.

आम्हाला तीन खिंडी ठाऊक होत्या. पहिलीत पायऱ्या होत्या, माणसांसाठी खोदलेल्या, गाईला त्या उतरता येत नाहीत. दुसरी सुरेख उतरत जायची आणि शेवटी कड्यावर संपायची. तिसरी आम्ही कधी पूर्ण केली नव्हती. जुने लोक तिला लमाणवाट म्हणायचे. निजामाच्या काळात लमाणांचे बैल मीठ आणि धान्य लादून तिथून जायचे म्हणे. ज्या वाटेनं लादलेला बैल चढायचा त्या वाटेनं मोकळी गाय उतरेल, असा माझा हिशेब. पण वाट बुजली होती. वरून दिसायची ती बोराटीत शिरायची आणि नाहीशी व्हायची.

आमची शोधायची एक पद्धत होती. मित्र कड्यावर थांबायचा, मी खालच्या अंगाला जायचो. त्याला वरून रेघ दिसली की तो सायकल उलटी करून चाक उन्हात फिरवायचा. ती चमक खालून लांबूनही दिसायची. रेघ पुढं जाईल तशी तो सायकल कड्याकडेनं सरकवायचा, आणि चमक जिकडं सरकेल तिकडं मी जायचो. पूर्वी हा खेळ होता. आता चमक थांबली की मीही जागच्या जागी थांबायचो, कारण थांबली म्हणजे वाट संपली.

आणि डोंगर तेव्हा काय सुंदर दिसत होता! हे सांगितलंच पाहिजे, कारण त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आला होता. गवत नव्हतं, पाला नव्हता, दगड उघडे पडले होते आणि त्यांच्यामधून पळस पेटल्यासारखा फुलला होता. सगळ्या दरीत दुसरा रंग नव्हता. दुपारी कडे तांबूस व्हायचे, संध्याकाळी जांभळे. खाली गुरं मरत होती आणि हा नटून बसला होता. मी एका पळसाला दगड मारला. वरून मित्र ओरडला, "झाडानं काय घोडं मारलंय तुझं?" मी त्यालाही शिवी दिली.

वाट सापडली ती दगडावरून. बोराटीच्या जाळीत हातपाय ओरबाडून घेत शिरलो तर आत खडक गुळगुळीत लागला. पाण्यानं झिजलेला खडक वेगळा असतो, हा खुरांनी झिजला होता. त्या झिजेला धरून आम्ही कोयत्यानं जाळ्या तोडत गेलो. वाट नागमोडी होती, कुठंही एकदम उतरत नव्हती. निम्म्यावर एक कोरडी बारव, जुनी पायऱ्यांची विहीर, लागली आणि तिच्यापुढं खिंड, दोन्ही बाजूंना खडक आणि मधोमध एक जुनं सालईचं झाड. खिंडीतून खालची छावणी दिसत होती, मुंग्यांच्या रांगा दिसाव्यात तशी जनावरं.

मग आम्ही वाटेची परीक्षा घेतली. माझ्या सायकलीला दोन्ही बाजूंना पाण्यानं भरलेले डबे बांधले आणि ती हातानं धरून वरपासून खालपर्यंत नेली. जिथं सायकल उचलावी लागली तिथं गाय अडणार, म्हणून तिथले दगड बाजूला लोटले, खड्डे भरले. पाठीचा पार काटा ढिला झाला. पण शेवटी सायकल एकदाही न उचलता खाली गेली. डब्यांतलं पाणी मात्र मित्रानं पुन्हा वर आणायला लावलं, कारण ते सांडून चालण्यासारखं नव्हतं.

तांबडीला न्यायचं त्या दिवशी उजाडताच आम्ही निघालो. आत्या, मी, मित्र, सायकल आणि गाय. आत्यानं हट्टानं दावं स्वतःच्या हातात घेतलं होतं. ते दावं साऱ्या गावाला ओळखीचं होतं. घायपाताच्या वाखाचं, आत्यानं स्वतः वळलेलं, आणि पिळात दृष्ट लागू नये म्हणून एक काळा लोकरीचा धागा.

बारवेपर्यंत ठीक चाललं. तिथं तांबडीचे पुढचे पाय दुमडले आणि ती बसली.

त्या क्षणी मला जे वाटलं ते सांगायला शब्द शोधावे लागत नाहीत. संपलं, एवढंच वाटलं. आम्ही तिच्या पोटाखाली पोतं घातलं आणि दोन्ही बाजूंनी उचललं. मागचा भाग उठायचा, पुढचा उठायचा नाही. डब्यातलं पाणी तिच्या तोंडाला लावलं, ती प्याली आणि तशीच बसून राहिली. मी दावं ओढायला गेलो तर आत्यानं माझ्या हातावर फटका मारला. तिनं दावं गाईच्या पाठीवर टाकलं आणि पाठ फिरवून खिंडीकडं चालू लागली. मागं वळून बघेना. बरीच पुढं गेल्यावर तिनं हाक मारली, "ये गं माय!"

तांबडीनं मान वर केली. आत्या आणखी पुढं गेली, पुन्हा हाक मारली. आम्ही पोतं धरून उचललं आणि गाय उठली. आत्या गेली की जगात आपलं कुणी राहणार नाही, असं तिला वाटलं असावं. मलाही लहानपणी तसंच वाटायचं.

छावणीत पोचलो तेव्हा दुपार झाली होती. दारावर कारखान्याचा माणूस बसला होता. त्यानं तांबडीच्या गळ्यात साखळी आणि पत्र्याचा बिल्ला घातला, घरचं दावं सोडलं आणि आत्याच्या पुढं धरलं. घरच्या दाव्यावर लोक दुसऱ्यांची जनावरं ओढून नेतात म्हणून तिथं जनावराच्या गळ्यात घरचं दावं ठेवायला बंदी होती. माणसांनी राहायलाही बंदी होती, पाणी पुरत नव्हतं.

आत्या दावं घेईना.

"घ्या की आजी," तो म्हणाला.

"घिऊन कुठं जाऊ? मोकळं दावं घरी न्यायला गाय मेली का इकली माझी?"

"मग ठेवा इथंच आमच्यापाशी. बऱ्याच जणांनी ठेवलीत."

"इथं ठिवू? घरची लक्ष्मी तुमच्या पदरात टाकू?"

तो बिचारा माझ्याकडं बघायला लागला. मी मित्राकडं बघितलं. मित्र म्हणाला, "आमी छप्पन साली हे समदं सोडलं, मला नका इचारू." पण परत येताना खिंडीतल्या सालईजवळ तोच थांबला. म्हणाला, "आत्याबाई, दावं घरी नको, छावणीतबी नको. मग हितं ठेवा की. हे कुणाचंच न्हाय."

आत्यानं विचार केला. मग ते दावं गुंडाळून सालईच्या बेचक्यात ठेवलं, त्याला हात लावून नमस्कार केला आणि वर चढली. दोन्ही रीती पाळल्या गेल्या होत्या आणि एकही मोडली नव्हती. मित्राच्या डोक्याला मी त्या दिवशी दाद दिली.

पुढं जे झालं ते आम्ही शोधलेल्या त्या वाटेमुळंच झालं. मित्रानं तहसीलमध्ये जाऊन सांगितलं की दुष्काळी काम काढायचं तर हा रस्ता काढा, वरच्या गावांना छावणी जवळ पडेल. साहेब येऊन बघून गेले आणि काम मंजूर झालं. मित्र तिथं मुकादम झाला. गावातली निम्मी माणसं त्या वाटेवर खडी फोडायला लागली. मला फार अभिमान वाटला. आपण दोघं उगाच हिंडत नव्हतो, असं मी तीनतीनदा बोलून दाखवलं.

कामावर आमच्याच आळीतली एक बाई होती. तिचे दोन बैल छावणीत मेले होते. रस्त्यासाठी सालई तोडायची ठरली तेव्हा तिला बेचक्यात दावं दिसलं. काळा धागा बघून तिनं ओळखलं. त्या दिवसांत चांगलं दावं सापडलं तर कुणीही गपचूप कमरेला गुंडाळलं असतं. तिनं तसं केलं असतं तर बरं झालं असतं. पण ती सरळ बाई. संध्याकाळी काम सुटल्यावर, अंगावरची धूळही न झटकता, ती आमच्या दारात आली आणि दावं आत्याच्या हातात दिलं.

"आत्याबाई, तुमचं दावं. खिंडीत गावलं."

मी तिथंच होतो. आत्याचा चेहरा मी कधी तसा बघितला नव्हता. तिनं दावं हातात धरलं, खाली ठेवलं नाही, खुंटीला लावलं नाही. ती बाई हात जोडून सांगत होती, "आमची दोन्ही दावी छावणीतच ऱ्हायली बघा. मागाया गेले तर कुनी दिली न्हाईत. घरची लक्ष्मी परक्यापाशी. तुमचं तरी घरी यावं म्हनून लगीलगी आनलं."

आत्या म्हणाली, "लई चांगलं केलंस माय." तिला चहा नव्हता, गुळाचा खडा दिला. बाई गेली. मग आत्या दावं मांडीवर घेऊन ओट्यावर बसली.

रात्रीची भाकरी तिनं खाल्ली नाही. सकाळची नाही. मी म्हणालो, "आत्या, दावं तुम्हीच ठेवलं होतं खिंडीत. झाड तोडायचं म्हणून तिनं आणलं. गाईचा काय संबंध?"

"म्याच ठिवलं व्हतं. ठाऊक हाय मला. येडी न्हाय म्या." ती दाव्यावरून हात फिरवत राहिली. "पर ते घरी आलं. मोकळं दावं कंदी उगंच घरी आलंय का?"

मी चिडलो. ओरडलो. रिकाम्या पोटी जीव जाईल म्हणालो. ती म्हणाली, "तिचा गेला आसंल तर माजा ऱ्हाऊन काय करू? फुकाचं खात बसू भावाच्या घरी?" तेव्हा मला कळलं की ही नुसती गाईची गोष्ट नाही. गाय गेली तर तिच्या हिशेबी ती परत ती सासरहून हाकलून दिलेली बाई होणार होती.

मी सायकल काढली आणि तडक छावणी गाठली. रस्ता अर्धा झाला होता, वरचा टप्पा सायकलीवर बसून गेलो. छावणीत रांगांमागून रांगा बघत फिरलो. जिथं तिला बांधली होती तिथं दुसरीच गाय होती. मग दूरच्या रांगेत तांबडी दिसली. वाढं खात होती. बरगड्या अजून दिसत होत्या, पण उभी होती, कातडीला थोडी चकाकी आली होती. मी तिच्या गळ्याला मिठी मारली. पुरावा म्हणून तिच्या शेपटीचा तांबडा गोंडा थोडा कापून घेतला आणि उलट पावली निघालो. चढावर सायकल ढकलताना मी मोठ्यानं हसत होतो, खडी फोडणाऱ्या बाया बघत राहिल्या.

आत्यानं तो गोंडा हातात घेतला, वास घेतला. तो तांबडीचाच आहे हे तिला कळलं. मग म्हणाली, "मेल्याल्या गाईचंबी केस निघत्यात, बाबा."

मी मित्राला बोलावून आणलं. तो कामाच्या निमित्तानं छावणीत जायचा, त्यानंही तांबडीला बघितलं होतं. त्यानं आत्यासमोर बसून सांगितलं, "आत्याबाई, म्या माझ्या डोळ्यांनी बघितलीय. बापाची शपथ घेतो." आत्यानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "तुमी दोघंबी माज्यासाठी खोटं बोलशीला. मला ठाऊक हाय."

आता काय करायचं? जिवंतपण खिशात घालून आणता येत नाही. गाय वर आणून दाखवावी म्हटलं तर त्या उन्हात ती चढता चढता मेली असती, आणि वर खायला काही नव्हतंच. आत्याचे डोळे आत गेले होते. पाणी तेवढं प्यायची. उठताना भिंत धरायची. मग मला सुचलं, गाय वर येत नसेल तर आत्यालाच खाली न्यायची.

पहाटे सायकलच्या कॅरिअरवर गोधडी घातली, आत्याला बसवली आणि माझ्या कमरेला तिच्या लुगड्याच्या पदरानं बांधून घेतली. तिनं दावं घेतलं होतं. मी तिला भाकरीचं फडकं दिलं, तेही तिनं मांडीवर ठेवलं, सोडलं नाही. तिचं वजन काहीच लागत नव्हतं. लहानपणी मी तिच्या कमरेवर बसून अणदूरच्या जत्रेला जायचो, ती दमायची. आता मी दमत नव्हतो आणि त्याचंच मला वाईट वाटत होतं.

रस्त्याचं काम होतं तिथंवर सायकल चालली. पुढं खोदलेले दगड पडले होते. तिथं दावं परत करणारी ती बाई खडी फोडत होती. आत्याला तशी कॅरिअरवर बांधलेली बघून ती हातोडा टाकून धावत आली. काय झालं ते मी तिला थोडक्यात सांगितलं, जरा तोडूनच सांगितलं. तिनं स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. मग सायकल तिथंच टाकून पुढचा टप्पा आत्याला तिनं एका बाजूनं आणि मी एका बाजूनं असं उचलून नेलं. खिंडीत सालईच्या जागी नुसतं खोड होतं. आत्यानं त्याच्याकडं बघितलं आणि मान फिरवली.

बाई तिथून परत कामावर गेली. मी आत्याला पाठुंगळी घेऊन खाली उतरलो. तिचा श्वास माझ्या मानेवर लागत होता, मधे मधे थांबायचा आणि मी घाबरून हाक मारायचो, "आत्या!" ती म्हणायची, "हाय, हाय. चल."

दारावरच्या माणसानं आत सोडलं. मी तिला त्या दूरच्या रांगेपाशी घेऊन गेलो आणि कुंपणाला टेकवून उभी केली. तांबडी आमच्याकडं पाठ करून उभी होती. मान खाली घालून वाढं खात होती, कान हलवत होती, शेपटीचा गोंडा एका बाजूनं कापलेला होता.

आत्यानं मान पुढं काढली. नुसती बघत राहिली. मला वाटलं आता ती हाक मारील, गाय वळेल, धावत येईल. एवढं सगळं केलं ते ह्याच क्षणासाठी, असं मला वाटत होतं. ती गप्पच राहिली तेव्हा मीच म्हणालो, "हाक मारू का?"

आत्यानं माझ्या तोंडावर हात ठेवला.

"नगं. हाक ऐकली की ती खायचं सोडून येती." ती कुजबुजली. "खातीय रं. खाऊ दे तिला."

तिनं स्वतःच्याही तोंडाला पदर लावला, जणू चुकून हाक निघेल. बराच वेळ तशीच उभी होती. मग खाली बसली, भाकरीचं फडकं सोडलं आणि गाईच्या पाठीकडं बघत भाकरीचा तुकडा मोडला. भाकरी वाळून कडक झाली होती. ती हळूहळू चावत होती, तिकडं गाय चावत होती. मी कुंपणाकडं तोंड करून रडलो.

निघताना दारावरचा माणूस म्हणाला, "आजी, दावं देऊ का ठेवून? आमी जपू." आत्या नको म्हणाली.

चढताना खिंडीत ती बाई वाटच बघत थांबली होती. आत्यानं तिला जवळ बोलावलं आणि दावं तिच्या हातात दिलं. बाई मागं सरकली.

"घे," आत्या म्हणाली. "तुझी दोन तिकडं ऱ्हायली. हे माजं तुझ्यापाशी ऱ्हाऊ दे. पर माज्या दारात मोकळं आनू नगंस. तांबडी चढून वर आली की तिच्या गळ्यात घाल."

बाईनं दावं कमरेला गुंडाळलं आणि गाठ मारली. दोन महिने तिनं ते सोडलं नाही. त्याच कमरेनं ती खडी फोडायची, पाट्या उचलायची. वाखानं कातडी सोलली तर चिंधी लावून पुन्हा बांधायची.

पुढं पाऊस झाला, छावणी मोडली, आणि मी तांबडीला त्या नव्या रस्त्यानं वर आणली. खिंडीत ती बाई उभी होती. तिनं कमरेची गाठ सोडायला घेतली, पण घामानं आणि पावसानं ती इतकी आवळली होती की सुटेना. शेवटी तिनं तसंच, स्वतःच्या कमरेला असलेल्या दाव्याचं दुसरं टोक गाईच्या गळ्यात घातलं, आणि दोघी घरी आल्या.